आसरा आणि पिंजरा

पनवेल शहरात सायंकाळच्या वेळी पोपटांचे थवे कलकलाट करीत उंच झाडांकडे परततात. त्याच वेळी एखाद्या गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातील राघू दांडीवर अस्वस्थपणे येरझारा घालू लागतो. घरच्यांना ती त्याची क्रीडा वाटते. पुढे एखाद्या दिवशी वाटीत पाणी घालताना दाराची कडी लावायची राहते, आणि क्षणार्धात राघू दिसेनासा होतो. घरात हळहळ होते, मुले रडतात. मग घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून हमखास एक प्रश्न निघतो : "त्याला इथे काय कमी होते?"

हा प्रश्न केवळ राघूविषयीच विचारला जातो असे नाही. घर सोडून आलेला एखादा मुलगा रेल्वे स्थानकावर पोलिसांना सापडतो, तेव्हा त्याचे आईबाप हेच विचारतात. चाकर न सांगता निघून जातो, तेव्हा मालक हेच विचारतो. सून माहेरी निघून गेली, तर सासरची मंडळी हेच म्हणतात. राज्यकर्त्यांनीही बंड करणाऱ्या प्रजेस हेच विचारले आहे. जीवाचे बंधन आणि त्याची सुटका हा शास्त्राचा मुख्य विषय असल्यामुळे या साध्या घरगुती प्रश्नाचा विचार साधकाने आणि वासनिकाने नीट केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष पाहावा. पाळणारा म्हणतो : मी त्यास वेळेवर अन्न दिले, उन्हापावसापासून राखले, मांजरापासून वाचवले. बाहेर भूक आहे, घार आहे, मृत्यू आहे. तरीही तो पळतो. तेव्हा एक तर तो कृतघ्न आहे, नाही तर मूर्ख आहे. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे नव्हे. पिलूपणापासून हातावर वाढलेल्या पक्ष्यास भक्ष्य शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. सुटल्यावर तो थोड्याच दिवसांत मरण्याचा संभव मोठा असतो. घर सोडून आलेल्या मुलाला शहरात काय भोगावे लागते, हेही सर्वांस ठाऊक आहे. पूर्वपक्षाचा दोष वेगळ्याच ठिकाणी आहे. जीवाच्या सर्व गरजा मोजता येतात आणि त्या पाळणाऱ्यास ठाऊक असतात, असे त्याने गृहीत धरले आहे.

हे गृहीत खरे नाही, याचा पुरावा पक्षीच देतात. पनवेल तालुक्यातील कर्नाळा किल्ल्याभोवतीच्या अरण्यास १९६८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे हिवाळ्यात उत्तरेकडून दूरचा प्रवास करून पक्षी येतात आणि ऋतू पालटला की परत जातात. अशा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यास पिंजऱ्यात ठेवले तर काय होते, याचा अभ्यास युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी केला आहे. त्यास पोटभर अन्न मिळते, ऊब मिळते, कोणतेही भय नसते. तरीही प्रवासाचा ऋतू आला म्हणजे तो रात्ररात्र पंख फडफडवीत राहतो. १९६६ साली अमेरिकेतील एम्लेन पितापुत्रांनी या तडफडीची नोंद ठेवण्यासाठी एक साधे साधन केले : तळाशी शाईची गादी आणि वर टीपकागदाचे नरसाळे. पक्षी ज्या दिशेने उडी घेई त्या दिशेस त्याच्या पायांचे ठसे उमटत. सकाळी पाहावे तो त्याच्या जातीचे पक्षी ज्या दिशेने प्रवास करतात, त्याच बाजूस ठसे दाट उमटलेले असत. पुढे त्यांतील पुत्राने कृत्रिम तारांगणातील आकाश उलटे फिरवले, तेव्हा पक्ष्यांची दिशाही उलटली.

त्या पक्ष्यास 'काय कमी होते' असे विचारल्यास उत्तर 'काहीही नाही' असेच येईल. त्याची तडफड कशाच्या अभावामुळे नव्हती. त्याचा स्वभावच एका दिशेस निघालेला होता, आणि पिंजऱ्यात तेवढ्या दिशेसाठी जागा नव्हती.

सर्वच पलायने या जातीची असतात असे मात्र नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरून साखळी तोडणारा कुत्रा कोठे जायचे म्हणून पळत नाही; तो फक्त आवाजापासून दूर पळतो आणि बहुधा रस्ता चुकून हरवतो. याच्या उलट वासराच्या हंबरण्याने दावे तोडणारी गाय नेमकी वासराकडेच जाते. तेव्हा पळण्याची दोन मुळे मानावी लागतात : एक भय आणि दुसरी ओढ. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखीच दिसतात. भयाने पळणाऱ्यास शांतवावे लागते. ओढीने पळणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते. पाळणारा बहुधा दोहोंसाठी एकच उपाय करतो, आणि तो म्हणजे अधिक मजबूत कडी.

मनुष्याच्या बाबतीत हा विचार करताना पनवेलजवळच्याच एका पुरुषाचे स्मरण होते. कर्नाळ्याच्या पायथ्यापासून जवळच असलेल्या शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात त्यांना सरकारी नोकरी होती. त्या काळी अशी नोकरी मिळणे म्हणजे जन्माची ददात मिटणे. परंतु आई अत्यवस्थ असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिचे अखेरचे दर्शन हुकले. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली. नोकरी सुटली, घर सुटले. १८७९ साली रामोशी आदी साथीदारांसह त्यांनी बंड उभारले. त्याच वर्षी जुलैत विजापुराकडील देवर नावदगी येथे ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला, जन्मठेप झाली आणि त्यांना समुद्रापार एडनच्या तुरुंगात नेण्यात आले.

तेथून त्यांनी पलायन केले. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते बाहेर पडले, असे सांगितले जाते. एडनच्या एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास वाळवंट. प्रदेश परका, माणसे अनोळखी. थोड्याच अवधीत ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथेच त्यांचा अंत झाला. बंडात झालेली लूटमार आणि हिंसा ही अहिंसाधर्मी मनुष्यास मान्य होणारी नव्हे, हे स्पष्टच आहे. परंतु येथे प्रश्न त्या दाराचा आहे. व्यवहारी माणूस म्हणेल, पकडले जाणार हे उघड दिसत असता दार उखडण्यात काय शहाणपण? यास उत्तर असे की, हातापायांस बेड्या घालणे बांधणाऱ्याच्या हाती असते, परंतु बांधलेपणास संमती देणे हे बांधलेल्याच्याच हाती राहते. त्या रात्री त्या पुरुषाने ती संमती दिलेली नाही, एवढेच प्रकट केले. त्यापुढे किती कोस गेला, हा हिशेब गौण आहे.

बांधणाऱ्यास मात्र ही नाकारलेली संमती फार बोचते. म्हणून तो पळणाऱ्यास दोष देण्याच्या नाना युक्त्या काढतो. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या एका डॉक्टराने असा सिद्धांत मांडला की, गुलामांचे मालकापासून पळून जाणे हा मनाचा एक रोग आहे. त्याने त्या रोगास 'ड्रापेटोमेनिया' असे नावही दिले. गुलामास लेकरासारखे मायेने परंतु अंकित ठेवावे, आणि तो असंतुष्ट दिसू लागला तर चाबकाने त्याचे मन ताळ्यावर आणावे, असा उपाय सांगितला. आज हे वाचून हसू येते. तथापि घर सोडू पाहणाऱ्या सुनेच्या 'अंगात वारे शिरले' असे म्हणणारा, शिकायला दूर जाऊ इच्छिणाऱ्या मुलीचे 'डोके फिरले' असे म्हणणारा मनुष्य त्याच डॉक्टराचे निदान करीत असतो. पळणाऱ्यास रोगी ठरवले म्हणजे आपले दार तपासण्याचा त्रास वाचतो.

येथे दुसरी शंका उपस्थित होते. अनेक जीव पळत नाहीत. दार उघडे असले तरी आत बसून राहतात. मग त्यांना बंधन गोड लागते, असे समजावे काय? १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या कुत्र्यांना आधी विजेचे असे धक्के दिले गेले होते की काहीही केले तरी ते चुकत नसत, त्यांना नंतर अशा खोक्यात ठेवले की एक बुटका अडसर ओलांडला असता धक्का टळावा. त्यांतील बहुतेकांनी तो ओलांडलाच नाही. ते कण्हत पडून राहिले. पुढे अशा कुत्र्यांना दोरीने ओढून वारंवार पलीकडे न्यावे लागले, तेव्हा कोठे त्यांस वाट उमगली. मुक्या प्राण्यांना दिलेली ती यातना निंद्यच होय. परंतु त्यातून जे कळले ते विसरता येत नाही : न पळणे हे समाधानाचे लक्षण असेलच असे नाही; पुष्कळदा ते सुटकेची आशा मेल्याचे लक्षण असते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. हंगाम संपतो, पण कित्येकांची उचल फिटत नाही. अशा कर्जापायी माणसास राबवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरला आणि त्या कर्जाच्या फेडीचे बंधनच नाहीसे झाले. तरीही भट्टी सोडून गेलेल्या कुटुंबास गावात 'बुडवे' म्हणतात, आणि जे वर्षानुवर्षे तेथेच राबतात त्यांस 'इमानी' म्हणतात. इमान आणि निराशा यांतील भेद ओळखण्याची दृष्टी ज्यास नाही, त्याने दुसऱ्याच्या कृतघ्नतेचा न्याय करू नये.

आता शास्त्रदृष्टीने पाहू जाता, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सांगितले आहेत. त्यांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त होय; म्हणजे जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे, तथापि सुटण्याची योग्यता त्याच्या ठायी आहे. ही योग्यता ध्यानात घेतली म्हणजे जीवाच्या अस्वस्थतेचा अर्थ लागतो. जो सुटूच शकत नाही त्याच्या ठिकाणी सुटण्याची धडपड संभवत नाही.

परंतु यावरून पळणे म्हणजेच मुक्ती, असा निष्कर्ष काढल्यास तो घातक होईल. रागाने घर सोडणारा मनुष्य घर पाठीवर घेऊनच निघतो. कोणी काय बोलले, कोणी काय दिले नाही, याची उजळणी तो वाटेने करीत असतो आणि दहा कोसांवर जाऊन तेच घर पुन्हा मांडतो. आचारधर्मात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषतः आप्तसंबंधियांचा संबंध टाकण्यास सांगितले आहे. ही आज्ञा पायांपेक्षा मनास अधिक लागू आहे. पळणारा मागे वळून पाहतो, कारण ज्यापासून तो पळाला त्यानेच त्याचे चित्त भरलेले असते. अनुसरणाऱ्याची दृष्टी ज्याला अनुसरायचे त्याच्याकडे लागलेली असते. भिक्षुकाचे अटन आणि अपराध्याचे भटकणे दुरून सारखे दिसते. दोहोंत अंतर आहे ते या दृष्टीचे.

मग जो जीव भ्यालेला, पळत आलेला दिसेल, त्याच्याशी कसे वागावे? याचे उत्तर लीळाचरित्रातील सशाच्या लीळेत मिळते. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन आसनस्थ असलेल्या स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी येऊन ससा मागतात. शरण आलेल्यास स्वामी देत नाहीत. पारध्यांना मात्र ते समजावतात, आणि पारधी परततात. नंतर स्वामी मांडी उचलून सशास जाण्यास सांगतात.

या लीळेतील पहिल्या दोन गोष्टी सर्वांच्या ध्यानात राहतात. सशाची योग्यता न विचारता त्यास आसरा मिळाला, ही एक. पारध्यांचा द्वेष न करता त्यांना हिंसेपासून परावृत्त केले, ही दुसरी. तिसरी गोष्ट पुष्कळदा सुटून जाते. स्वामींनी मांडी उचलली. ज्याने प्राण वाचवले त्याने त्या प्राणावर हक्क सांगितला नाही. 'मी तुला वाचवले, आता माझ्यापाशी राहा' असे म्हणणे किती सोपे होते! सामान्य माणूस तेवढ्यावरून पिंजरा करविता. आसऱ्याचा पिंजरा कोणत्या क्षणी होतो, ते येथे कळते. भय संपल्यावरही जी मांडी उचलली जात नाही, ती पिंजरा होय. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे : पारधी समोर असताना मांडी उचलली गेली नाही. वेळ न पाहता सोडून देणे ही करुणा नव्हे.

ही कसोटी व्यवहारात सर्वत्र सोपी जात नाही. एक कठीण प्रसंग घ्यावा. घरातील वृद्धास स्मृतिभ्रंश होतो. तो सायंकाळी उठून म्हणतो, "मला घरी जायचे आहे." तो आपल्याच घरात बसलेला असतो. दार उघडे मिळाले की तो चालू लागतो. पनवेलसारख्या रहदारीच्या शहरात जीवच जावयाचा. अशा घरास दार लावावेच लागते. येथे 'मांडी उचला' असे सांगणे क्रूरपणा होईल. पण दार लावणाऱ्याने आपल्या मनास विचारावे : हे दार त्याच्या जीवासाठी लावले आहे, की आपल्या सोयीसाठी? जेथे ते त्याच्यासाठी असते, तेथे कोणी तरी त्याचा हात धरून रोज त्यास बाहेर नेते, जुन्या गावाच्या गोष्टी ऐकते, 'हेच तुमचे घर' असे ओरडून सांगत नाही. जेथे ते सोयीसाठी असते, तेथे कुलूप लागते आणि दूरदर्शन संच सुरू होतो. बाहेरून दोन्ही दारे सारखीच बंद दिसतात.

त्या वृद्धाच्या बोलण्यात जीवाच्या स्थितीची एक खूणही आहे. आपले घर कोणते हे त्यास आठवत नाही. परंतु हे ते नव्हे, एवढे त्यास जाणवते. ही उपमा एकदेशी समजावी, कारण जीव परमेश्वरापासून निघालेला व वाट चुकलेला असे शास्त्र मानीत नाही. तथापि संसारातील सुखे भोगूनही 'हे ते नव्हे' अशी जी हुरहुर मनुष्यास लागते, तीस हसून वा दटावून गप्प करू नये. अधिकारी पुरुषाने तीस दिशा दाखवावी.

पशुपक्ष्यांविषयी गृहस्थाचे कर्तव्य त्यामानाने स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे, विकणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. आणि ज्याच्या धर्माचा पायाच अहिंसा आहे त्यास त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. मात्र ज्याच्या घरी असा पक्षी आहे त्याने पश्चात्तापाच्या भरात दार उघडून त्यास घारीच्या पुढ्यात लोटू नये. तो वनखात्याच्या स्वाधीन करावा, म्हणजे पंखांत बळ आल्यावर व भक्ष्य शोधता येऊ लागल्यावर त्यास सोडता येते की नाही, हे जाणकार ठरवतील. कुत्र्यास रस्त्यावर दोरी हवीच. पण दिवसभर हातभर साखळीने खांबास बांधून ठेवलेल्या कुत्र्याने संधी मिळताच पळ काढला, तर चूक साखळीच्या धन्याची होय.

मठ आणि आश्रम यांनाही ही कसोटी चुकत नाही. कर्जाने, कलहाने, अपमानाने पळत आलेली माणसे मठाच्या दाराशी येतात. त्यांस प्रथम आसरा द्यावा. सशाची चौकशी झाली नव्हती. परंतु आसरा मागणे म्हणजे अनुसरण मागणे नव्हे, हे महंतांनी जाणावे आणि भ्यालेल्या मनुष्याच्या अंगावर घाईने वेष चढवू नये. भय निवळल्यावर त्यास विचारावे. घरी परतावेसे वाटले तर वाटखर्ची देऊन बोळवावे. जो मोकळ्या दारातून जाऊ शकत असूनही राहील, त्याचेच राहणे खरे. ज्या मठास आपली माणसे टिकवण्यासाठी धाक घालावा लागतो, त्या मठाने पारध्याचे काम स्वतःकडे घेतले आहे.

तेव्हा रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या पनवेलच्या कुटुंबाने 'त्याला काय कमी होते' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचे उत्तर वाटीत, दाण्यांत किंवा मायेत सापडणार नाही. आपण जे दिले त्यात परत जाण्याची मुभा होती काय, एवढेच त्यांनी स्वतःस विचारावे. मुलांना रडू द्यावे. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. मग पिंजरा उतरवून ठेवावा आणि तीच पाण्याची वाटी गॅलरीच्या उघड्या कठड्यावर ठेवावी. उन्हाळ्यात अनेक पाखरे तेथे येतील, पाणी पितील आणि उडून जातील. त्यांत तो राघू असेल किंवा नसेल. वाटी मात्र रोज भरलेली असावी.